रेघेपर्यंत पाणी

चिप बाहेर आली ती कोरीच. नखाएवढा राखाडी तुकडा, सकाळी आत ठेवला होता तसाच. फार तर कुणी पेन्सिलीनं माखलेलं बोट कडेला पुसावं एवढा काळसर डाग. तिनं ती चिमट्यात धरून उजेडात नेली, तिरकी केली, मग उलटीही करून पाहिली, जसं काही उगवायचं ते चुकून खालच्या अंगाला उगवलं असेल. शेजारी पाहुणा उभा होता. दुसऱ्या संस्थेतला, दीड दिवसाचा प्रवास करून एवढंच बघायला आलेला. त्याच्या मागे सर, हाताची घडी घालून. भट्टी निवताना तिच्या पत्र्याचा टक टक आवाज येतो, तो तेवढा येत राहिला. "होतं असं कधीकधी," पाहुणा म्हणाला. माणूस भला होता, आणि तेच वाईट होतं. खोटारडी म्हणाला असता तर तिला भांडता तरी आलं असतं. तिनं दुसरी चिप लावली. दुपारी तीही कोरी निघाली. तिसरी दुसऱ्या दिवशी सकाळी. मग पाहुण्यानं घड्याळ पाहिलं, तिच्याशी हात मिळवला, आणि तो अंमळ जास्तच वेळ धरून ठेवला, घरात कुणी गेलं असलं की भेटायला आलेली माणसं धरतात तसा.

तिचं काम सांगायला सोपं होतं आणि चार वर्षांत तिला ते कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. ती काळं गवत उगवायची. माती नाही, ऊन नाही, पाणी नाही. भट्टीच्या पोटातून आरपार गेलेली एक काचेची नळी, आणि नळीत मधोमध ती चिप. चिपेवर लोखंडाचा लेप, असून नसल्यासारखा. आधी आर्गॉन सोडून नळीतली हवा हाकलून द्यायची. मग भट्टी साडेसातशे अंशांवर न्यायची आणि हायड्रोजन सोडायचा, की त्या लेपाचे थेंब थेंब होतात, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतात तसे, फक्त डोळ्यांना कधीच न दिसणारे. मग इथिलीन. स्वयंपाकाच्या गॅसचा चुलतभाऊ म्हणावा असा वायू. अंगात कार्बन आणि हायड्रोजन, बाकी काही नाही. एवढ्या उष्णतेत लोखंडाच्या थेंबाशी गाठ पडली की तो फुटतो. हायड्रोजन आला तसा निघून जातो, कार्बन लोखंडात मुरतो, आणि मुरून मुरून थेंबाचं पोट भरलं की बाहेर पडायला लागतो. पडतो तो कसाही नाही. गोल गोल, एकाला एक धरून, पोकळ नळी होऊन. एका थेंबातून एक नळी, केसाच्या कित्येक हजारपट बारीक. अशा अब्जावधी नळ्या दाटीवाटीनं उगवतात, आणि आडवं व्हायला जागाच नसते म्हणून सरळ उभ्या राहतात. वाढतात त्या बुडातून, केसांसारख्या. जे टोक सगळ्यात वर ते सगळ्यात आधी जन्मलेलं. पंधरा मिनिटांत रान तयार. इतरांचं रान अर्ध्या मिलिमीटरवर थांबायचं, तिचं दोन मिलिमीटर व्हायचं. नुसत्या डोळ्यांना दिसायचं, मखमलीसारखं, आणि बोट लावून पाहावंसं वाटायचं. या वरच्या दीड मिलिमीटरवर एक लेख छापून आला होता, त्यावर सरांचं नाव होतं, तिचं नाव होतं, आणि त्या लेखाच्या जोरावर तिच्या पुढल्या तीन वर्षांच्या नोकरीचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी येऊन पडला होता.

इतरांचं रान का थांबतं हे तिला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. ज्या वायूवर थेंब जगतो त्याच वायूची काजळी त्याच्या अंगावर बसत जाते आणि एका क्षणी त्याचं तोंड बंद होतं. खाऊ घालणाऱ्यानंच गुदमरवायचं, असा तो न्याय. तिचे थेंब का गुदमरत नव्हते, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. लेखात तिनं लिहिलं होतं, भट्टी तापवण्याचा वेग आणि वायूंचं प्रमाण. तिला तसं मनापासून वाटत होतं. आणि मनापासून वाटलेलं खरंच असतं असा तिचा लहानपणापासूनचा समज होता, जो अप्पांनी कधी मोडला नव्हता, कारण अप्पांचाही तोच होता.

अप्पांना तिच्या कामातलं काजळी एवढंच कळायचं, आणि तेवढं पुरे होतं. एकतीस वर्षं त्यांनी काजळीच्या कारखान्यात काढली. टायर काळे असतात ते या काजळीनं. जाड तेल मोठ्या भट्टीत अर्धवट जाळायचं, धूर गाळायचा, पोती भरायची. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा मानेच्या वळ्यांत काळं, कानामागे काळं, आणि पापण्यांच्या कडा अशा की शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, तुमच्या यांचे डोळे आमच्यापेक्षा रेखीव. आई त्यांच्यासाठी वेगळा साबण ठेवायची. त्याचा फेस काळा यायचा, आणि सगळ्यांच्याच वडिलांचा फेस काळा येतो अशी तिची बरेच दिवस समजूत होती. कारखान्यात अप्पांकडे तेलाची टाकी होती. टाकीला बाहेरून एक उभी काच आणि काचेवर लाल रेघ. तेल त्या रेघेला टेकवून ठेवायचं हे त्यांचं काम. "रेघ म्हणजे रेघ," म्हणायचे. "खाली नाही, वर नाही." हे व्रत त्यांनी घरीही आणलं. दुधाच्या पातेल्याला रेघ, पाण्याच्या पिंपाला रेघ, औषधाच्या बाटलीवर तर आधीचीच असायची आणि तिच्यावर ते पेनानं पुन्हा ओढायचे. तिनं पहिल्यांदा आपल्या रानाचा फोटो नेऊन दाखवला तेव्हा चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "आम्ही पोत्यानं भरायचो. तू चिमटीनं पिकवतेस. पगार कुणाला जास्त?" तिचा जास्त निघाला. त्या दिवसापासून घरात तिचं नाव चिमटी पडलं. दादा, तिचा मोठा भाऊ, अजून त्याच नावानं हाक मारतो.

पाहुणा उगाच आला नव्हता. त्याच्या संस्थेनं लेखात लिहिल्याप्रमाणे सगळं केलं, तीन महिने केलं, आणि त्यांचं रान अर्ध्या मिलिमीटरच्या वर काही जाईना. पत्र नम्र होतं. सरांनी उत्तर दिलं, या आणि प्रत्यक्ष बघा. आणि पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण जे करतो तेच तिनं केलं, घर आवरलं. भट्टी पुसली, मीटरच्या काचा पुसल्या, चार वर्षांच्या डागांची काचेची नळी बदलली, आणि सिलिंडरपासून भट्टीपर्यंत भिंतीच्या कडेनं गेलेला पिवळट पडलेला प्लास्टिकचा पाईप काढून तिथं चकचकीत स्टीलची लाईन टाकून घेतली. फिटरनं दिवसभर राबून ती टाकली. भिंत कशी देखणी दिसायला लागली. आता पाहुणा गेला होता, आणि जाताना त्यानं सरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की शुक्रवारपर्यंत काही खुलासा आला तर ठीक, नाहीतर आम्हाला ते छापून कळवावं लागेल, इलाज नाही. आज बुधवार होता. खुलासा नाही म्हणजे लेख मागे, आणि लेख मागे घेतलेल्या बाईला काळं गवत उगवायला पुन्हा कोण बोलावतं? पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही तिला वेगळीच भीती वाटत होती. ते रान खरंच उगवलं होतं का, असं तिच्या मनात येऊ लागलं होतं. फोटो होते, मोजमापं होती, कपाटात डबीत ठेवलेले काळे तुकडे होते. तरीही.

मग ती भट्टीसमोर बसून राहिली. बुधवारी बसली, गुरुवारी बसली. जुनी काचेची नळी पुन्हा लावली, कोरी. तापवण्याचा वेग बदलला, कोरी. चिपेवर धूळ आहे का हे बघायला तिला तिच्यावर हलकेच हाऽ करून श्वास सोडायची सवय होती, वाफेत कण दिसतात; पाहुण्यासमोर संकोचानं तिनं ते केलं नव्हतं. आता केलं, दोनदा केलं, आरशावर करतात तसं. कोरी. भट्टीला एक छोटं भिंग आहे, त्यातून आत लाल उजेड दिसतो, कुठूनही न आलेला, सगळीकडून सारखा, सावली नसलेला. त्यात बघत राहिलं की खोलीचं भान सुटतं. हातपाय जड होतात, आणि आपणच त्या नळीत पडून आहोत, अंगावरून गरम वारा जातो आहे आणि त्यातलं काहीतरी अंगात मुरतं आहे असं वाटायला लागतं. भट्टीतून निघालेला वायू बाहेर सोडण्याआधी तेलाच्या एका बाटलीतून जातो, म्हणजे बाहेरची हवा उलटी आत शिरत नाही. त्या बाटलीत बुडबुडे येतात. बुडुक, बुडुक, बुडुक. वायू वाहतो आहे, सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. चार वर्षं हा आवाज तिच्या कानांना इतका सवयीचा होता की तो बंद पडला तरच तिचं लक्ष जायचं. पण गेल्या आठ महिन्यांत ती तो ऐकायला लागली होती, कारण अप्पांचं शेवटचं दीड वर्ष घरीही एक बाटली होती.

अप्पांची छाती शेवटी त्यांनीच भरलेल्या पोत्यासारखी झाली. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. कोपऱ्यात उभं राहून ते दिवसभर घुं करायचं, आणि त्यातला ऑक्सिजन पाण्याच्या एका लहान बाटलीतून बुडबुडत नळीवाटे अप्पांच्या नाकाशी जायचा. पाणी कशाला, तर कोरडा वारा नाकाघशाला सोलून काढतो म्हणून. बाटलीवर रेघ होती. अप्पांनी ती पाहिली आणि आजारपणात पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला. रोज सकाळी उकळून गार केलेलं पाणी दादा भरायचा आणि अप्पा मान वाकडी करून डोळा रेघेच्या पातळीला आणायचे. "थोडं वर गेलं." दादा चमचाभर काढायचा. "आता खाली गेलं." दादा दहा मजले लिफ्टच्या दोरखंडाला लटकून दुरुस्त्या करणारा माणूस, पण या बाटलीपुढे हात टेकायचा. दुपारी दादा कामावर आणि ती घरी. त्या महिन्यात ती घरून लेख लिहीत होती. पलंगाशेजारी खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, घुं, बुडुक बुडुक. अप्पा झोपलेले, जागे, पुन्हा झोपलेले. त्यांना बोलायला दम पुरत नव्हता आणि तिला लेखातल्या एका आकृतीखालची ओळ जमत नव्हती. मधेच केव्हातरी एकदम शांत वाटलं. बुडबुडे थांबले होते. यंत्र चालूच होतं, वारा नाकात जातच होता, फक्त पाणी संपलं होतं. आणि हे आठवताना ती नेहमी इथंच अडायची. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. काय ती शांतता, असं वाटलं, आणि आकृतीखालची ओळ चटकन जमून गेली.

गुरुवारी दुपारी फिटर आला. तिनंच बोलावला होता. नव्या लाईनीत कुठं गळती असेल तर बघावी म्हणून. पन्नाशीचा, बुटका, कानाला पेन्सिल. त्यानं सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावला, डोळे बारीक करून पाहिलं आणि उठून उभा राहिला. "मुंगी शिरायची नाही, मॅडम."

"मग जुन्यात शिरायची का?"

"जुन्याचं नाव काढू नका." तो हसला. "भोक नव्हतं त्याला. पण प्लास्टिकला तहान असते. बाहेरची ओल हळूहळू अंगातनं पितं ते. त्यात तुमच्या मावशी."

"मावशींनी काय केलं?"

"म्हणजे तुम्ही बघितलंच नाही कधी? लादी पुसली की ओलं फडकं त्या पाईपवरच वाळत घालायच्या. रोज. मी म्हटलं पण त्यांना, मावशी, ही काय दोरी आहे का कपड्यांची? आता स्टीलवर टाकायला त्यांना भीती वाटते. चकाकतंय ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चार वर्षं ती त्या फडक्याच्या समोर बसली होती आणि ते तिला दिसलं नव्हतं. सकाळी असायचं, दुपारी कुणीतरी नेलेलं असायचं, एवढंच. पाण्याचा अंश, दिसणार नाही इतका, वायूबरोबर भट्टीत जात होता. तेवढ्या उष्णतेत पाणी काजळीला खातं, हे पुस्तकात होतं. जास्त झालं तर नळ्याच खाऊन टाकेल, पण चिमूटभर असेल तर थेंबाच्या तोंडावर बसलेली काजळी तेवढी निघून जाते. थेंबाचा घसा ओला राहतो. तो गुदमरत नाही. हे सगळं तिच्या डोक्यात शब्द न होता एकदम आलं. "काका, जुना पाईप कुठं टाकलात?"

"टाकतोय कशाला. फेकायचं जिवावर येतं." पाईप त्याच्या पिशवीतच होता, वेटोळं करून, पान्यांच्या खाली.

त्यानं तो पुन्हा जोडून दिला. मावशी घरी गेल्या होत्या, म्हणून तिनं स्वतःच फडकं भिजवलं, पिळलं आणि त्यांच्यासारखंच दुहेरी करून पाईपवर टाकलं. फिटर पाहत राहिला, पण मोठ्या माणसांच्या खुळांवर बोलू नये एवढं त्याला कळत होतं. पाईपला ओल प्यायला रात्रभर वेळ दिला. शुक्रवारी सकाळी आर्गॉन, हायड्रोजन, इथिलीन, पंधरा मिनिटं. बाटलीत बुडुक बुडुक. निवल्यावर तिनं चिप ओढून घेतली आणि चिमट्यात धरली, आणि धरल्याक्षणी कळलं; कडेनं पाहिलं तर चिपेच्या जाडीच्या चौपट उंच, काळं, दाट, उभं. दोन मिलिमीटर आणि वर थोडं. ते खरं होतं. सगळं खरं होतं, फक्त तिनं सांगितलेलं कारण खोटं होतं.

सर हसले तेव्हा त्यांचं वय दहा वर्षांनी उतरल्यासारखं दिसलं. "फडकं!" ते म्हणाले. "फडकं, अगं! चार वर्षं आपल्या नाकासमोर!" मग हसू हळूहळू ओसरलं आणि ते टेबलावरच्या कागदांची चळत नीट करायला लागले. "हे बघ. पाणी महत्त्वाचं आहे, हे आपल्याला कळलंय. चांगलंच झालं. फक्त कधी कळलं एवढाच प्रश्न आहे." त्यांनी चळतीची कड टेबलावर आपटून सरळ केली. "तुझ्या जुन्या वहीत त्या प्रयोगांच्या नोंदी आहेत ना? पेननं लिहिलेल्या? तिथं एक ओळ घाल. ओलावा दिला, एवढंच. कसा ते नको. लेखात लिहायचं राहून गेलं, असं मी कळवतो. राहून जातं माणसाचं. खोटं काय आहे त्यात? ओलावा होताच की."

"होता, सर."

"मग? आपल्याला ठाऊक नव्हतं आणि मावशींना ठाऊक होतं, असं लिहून पाठवू का मी?" आवाज चढला नव्हता. त्यांनाही तिचं भलंच हवं होतं, हे तिला दिसत होतं. तिच्या नोकरीचा कागद त्या चळतीत वरूनच तिसरा होता. "चारपर्यंत वही आणून दे."

जुनी वही तिला शोधावी लागली नाही. निळ्या पुठ्ठ्याची, कडांना काळे अंगठे उमटलेली. जे पान हवं ते उघडलं. तारीख, वायूंचे आकडे, वेळ, उंची. तिचंच अक्षर, वर्षभरापूर्वीचं, घाईचं. वायूंच्या आकड्यांनंतर ओळीच्या शेवटी जागा मोकळी होती, दोन शब्द आरामात मावतील एवढी, जणू कुणी राखूनच ठेवलेली. पेनही त्याच निळ्या शाईचा. दुपारची उन्हं टेबलावर आली होती, पलीकडे भट्टी तापत होती, बुडुक बुडुक चालू होतं. तिनं पेन टेकवला. टेकवल्यावर तो पुढे जाईना. शाईचा एक ठिपका तेवढा फुगत गेला, आणि तो बघता बघता ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली, शांततेत, मांडीवर लॅपटॉप घेऊन. किती वेळ बसली होती? दीड तास असेल. मग अप्पांनी डोळे उघडले. ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, जीभ टाळूला चिकटलेली सुटेना, घशातून एक खरखर आली, शब्द नाही. पुन्हा आली. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. बोट उचललं होतं त्यांनी, थोडंसंच. बाटलीकडे की तिच्याकडे की नुसतंच. ती धावली, चमचाभर पाणी त्यांच्या ओठांत घातलं, ते कडेनं ओघळून उशीत गेलं. "काय अप्पा? काय म्हणताय?" मग बोट खाली आलं. बाटली कोरडी झाल्यानं ते गेले नाहीत. ते जाणारच होते, त्या आठवड्यात नाहीतर पुढच्या, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पण ते बोलून गेले असते. एक शब्द गेला होता, आणि तो तिच्यामुळे गेला होता, आणि तो कोणता हे आता कुणालाही कळणार नव्हतं.

आणि मग तिनं जे केलं ते तिनं आजपर्यंत स्वतःलाही पूर्ण सांगितलं नव्हतं. तिनं दादाला फोन केला नाही. आधी स्वयंपाकघरात गेली. उकळून ठेवलेलं पाणी घेतलं, बाटली फिरवून काढली, भरली, पुन्हा बसवली. यंत्र चालूच होतं, त्यामुळे बुडबुडे लगेच सुरू झाले. गेलेल्या माणसाच्या नाकाशी ओला, मऊ वारा वाहायला लागला. ती तो आवाज उभ्यानं ऐकत राहिली. मग यंत्र बंद केलं आणि मग फोन केला. दादा वीस मिनिटांत आला. त्यानं सगळीकडे पाहिलं, अप्पांकडे, यंत्राकडे, तिच्याकडे, आणि काही विचारलं नाही. तिला वाटलं, निभावलं. आठ महिने तिला तेच वाटत होतं, आणि निभावलेलं असं घशात का अडकून राहावं ते कळत नव्हतं.

तिनं पेन उचलला. ठिपका राहिला तसा राहू दिला. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आली, आजची तारीख घातली आणि लिहिलं: 'जुन्या प्लास्टिकच्या पाईपमधून आणि त्यावर वाळत घातलेल्या ओल्या फडक्यातून ओलावा आत जात होता. उंची त्यामुळे. हे आज कळलं. आधी ठाऊक नव्हतं.' फडकं मावशींचं, हेही लिहिलं. मग वही सरांपुढे नेऊन ठेवली. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "याचा अर्थ कळतो ना तुला?" तिनं मान डोलावली. "मी सही थांबवणार नाही," ते म्हणाले, "पण वरचे लोक थांबवतील." मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले, आणि ती बाहेर पडली तेव्हाही वही त्यांच्यापुढे उघडीच होती.

जिन्यात कुणी नव्हतं. ती पायरीवर बसली आणि दादाला फोन लावला. त्याच्यामागे लिफ्टची घरघर ऐकू येत होती, कुठल्यातरी उंच इमारतीत, कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मधे.

"बोल, चिमटे."

"दादा, त्या दिवशी अप्पांची बाटली कोरडी होती."

घरघर थांबली. त्यानं काहीतरी बंद केलं असावं.

"कोरडी होती. आवाज थांबला ते मला कळलं होतं, पण मी उठले नाही. मला बरं वाटलं, दादा. मग त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. ते गेल्यावर मी भरली. तू यायच्या आधी."

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पाणी रेघेच्या वर होतं. चांगलं बोटभर. अप्पांनी बोटभर वर भरू दिलं असतं का कधी?"

"मग आठ महिने बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हटलं." त्याच्या हातातला पाना कुठंतरी लोखंडावर टेकल्याचा आवाज आला. "डॉक्टर यायचे होते, तू आत तोंड धुवायला गेलीस. तेवढ्यात मी वरचं ओतून टाकलं. रेघेपर्यंत आणलं."

तेव्हा ती रडली. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा, जिन्यात, मोठ्यानं, नाक पुसायचंही भान न ठेवता. फोनमध्ये लांबून माणसांचा आवाज येत होता, कुणीतरी खालच्या मजल्यावरून लिफ्ट, अहो लिफ्ट, म्हणून ओरडत होतं. दादानं लिफ्ट खाली सोडली नाही.